एहिपस्सिको : द्विनेत्री दुर्बिणीतून खानदेशचे आकाश

धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' हा शब्द उच्चारतो. 'या आणि स्वतः पाहा' असा त्याचा अर्थ. हे निमंत्रण आकाशाच्या बाबतीतही किती अर्थपूर्ण आहे, याचा प्रत्यय फेब्रुवारीअखेरीस चाळीसगाव ते धुळे या दोन रात्रींच्या प्रवासात आला. सोबत 15 पट मोठे दाखवणारी, 70 मिलिमीटर भिंगांची द्विनेत्री दुर्बीण होती. आकाशनिरीक्षणाचा माझा हा पहिलाच अनुभव. नवशिक्यांना उपयोगी पडावा म्हणून तो येथे मांडत आहे.

खानदेशचे आकाशाशी नाते जुने आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे मठ स्थापन केला. इ.स. 1207 च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. या वारशाचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या समाजव्यवस्थेत अशा अध्ययनाची दारे शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना बंद होती, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये. गणित मठात राहिले. बहुजनांच्या वाट्याला आली ती ग्रहनक्षत्रांची भीती.

ही भीती दूर करण्याचे साधन म्हणून मी दुर्बिणीकडे पाहतो. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. 70 मिलिमीटरच्या भिंगाचा व्यास तिच्या दहापट, म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट. तितकाच प्रकाश अधिक गोळा होतो, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तारे दिसू लागतात.

पहिला मुक्काम पाटणच्या अलीकडे, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी एका शेतात होता. रात्र मुद्दाम अमावास्येची निवडली. लोक जिला अशुभ मानतात, तीच रात्र चंद्रप्रकाश नसल्यामुळे तारे पाहण्यास सर्वांत उत्तम! नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारकांचा दिसणारा कृत्तिकांचा पुंजका दुर्बिणीत कितीतरी निळसर ताऱ्यांनी भरून गेला. मृग नक्षत्रात अंधुक धुरासारखा तेजोमेघ दिसला. तेथे नवे तारे जन्म घेत आहेत. तो सुमारे 1,300 प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे मी पाहत होतो तो प्रकाश वेरुळची लेणी कोरली जात होती त्या काळात निघालेला. गुरूच्या बाजूला एका रेषेत बारीक ठिपके होते. हेच त्याचे चंद्र गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये पाहिले आणि सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते, या समजुतीला तडा गेला.

दुसरा मुक्काम धुळ्याजवळील लळिंग परिसरात. बाबासाहेबांच्या 1937 मधील धुळे भेटीच्या स्मरणार्थ दरवर्षी 31 जुलैला येथील लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते, हे वाचकांस ठाऊक आहेच. शहराचा उजेड उत्तरेला राहतो. दक्षिण क्षितिज त्या मानाने अंधारे असते. पहाटे पाच वाजता तेथे वृश्चिकाची शेपटी वर आली होती. तिच्या टोकाशी मूळ नक्षत्र. या नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीचे लग्न जुळताना काय घडते, हे आपण पाहिले आहे. बौद्ध पद्धतीने मंगल परिणय करणाऱ्या आपल्यातील काही घरांतही पत्रिका आधी गुपचूप पाहिली जाते. दुर्बीण मूळ नक्षत्राकडे वळवली, तेव्हा त्याच्या शेजारी दोन देखणे तारकागुच्छ आणि आकाशगंगेचा दाट पट्टा दिसला. संपूर्ण प्रवासातील सर्वांत सुंदर दृश्य तेच. त्यातील मोठा गुच्छ सुमारे 1,000 प्रकाशवर्षे दूर आहे. धुळ्यातील एखाद्या मुलीच्या सासऱ्याशी त्याचा संबंध काय असणार?

साडेसातीचेही तसेच. शनी सूर्याभोवतीची फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत पूर्ण करतो. बारा राशींनी भागल्यास प्रत्येक राशीत जवळपास अडीच वर्षे, आणि तीन राशींची साडेसात. सहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असा हा भागाकार आहे. त्यात भिण्यासारखे काही नाही.

नवशिक्यांसाठी काही सूचना. एवढी जड दुर्बीण हातात थरथरते. तिपाईवर बसवावी किंवा भिंतीचा आधार घ्यावा. लहान मुलांना 7 पट व 50 मिलिमीटरची हलकी दुर्बीण पुरे. अंगणातील खाटेवर आडवे होऊन पाहिल्यास मान दुखत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास 20 ते 30 मिनिटे द्यावीत. तोवर मोबाइल बंद ठेवावा. बॅटरीवर लाल कागद बांधावा. 15 पटींत शनीची कडी स्पष्ट दिसत नाहीत. त्यासाठी मोठी दूरदर्शी हवी. सूर्याकडे दुर्बीण कधीही, क्षणभरही वळवू नये. दृष्टी कायमची जाऊ शकते.

वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे संविधानाच्या कलम 51-क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याचे स्वप्न रोहित वेमुलाने पाहिले होते. तसे स्वप्न पाहणारी मुले-मुली आपल्या वसतिगृहातही असतील. माजी विद्यार्थ्यांनी मिळून शाळेस एक द्विनेत्री दुर्बीण द्यावी, आणि पालकांनी एखाद्या अमावास्येला मुलांसोबत शाळेच्या गच्चीवर यावे, एवढीच या निमित्ताने विनंती.

जय भीम!