आधी घरात, मग हिशेबाला

दिग्रस
नोव्हेंबर

चि. बाळा,



तुझं पत्र मिळालं. मोबाइलवरच्या रमीत गेलेले पैसे फिटेपर्यंत चर्चची पायरी चढणार नाही, कोणत्या तोंडाने देवापुढे बसू, असं तू लिहिलंस. कर्जाचा आकडा वाचून झाली नाही तेवढी काळजी मला या वाक्याने लागली, म्हणून कापूस वेचणीच्या धांदलीतच लिहायला बसलो.

या कर्जापायी ताईच्या पाटल्या सोनाराकडे पडल्या आहेत. जे झालं ते लहान करून मी सांगणार नाही. पण तू क्रम उलटा लावलास, रे.

उधळ्या पुत्राचा दाखला तुला लहानपणापासून पाठ आहे. मी म्हणेन, लूकचा १९वा अध्याय काढ आणि जक्कय वाच. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना नाडून गबर झालेला. गर्दीत काही दिसेना म्हणून उंबरावर चढून बसला. येशूने वर बघून त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्याच घरी उतरायचंय म्हणाला. तोवर जक्कयने कुणाचा छदामही परत केलेला नव्हता. पाहुणा घरात आला, आणि मग तो माणूस उभा राहून बोलला: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट. बाहेर लोक कुरकुरतच होते. आधी त्याला कुणीतरी आपलं म्हटलं, म्हणून त्याची मूठ सुटली.

यहूदाने तर पैसे परत केले होते, हे आपल्या कधी ध्यानात येत नाही. तीसच्या तीस नाणी मंदिरात फेकून दिली. पस्तावाही खराच होता. तरी तो सुटला नाही, कारण ज्याचा अपराध केला त्याच्याकडे तो गेलाच नाही. एकटा निघून गेला. येशूला धरलं त्या रात्री पेत्राने तीनदा त्याची ओळख नाकारली होती, आणि त्याच्याकडे तर परत करण्याजोगंही काही नव्हतं. पण तो बाकीच्या शिष्यांत राहिला. पुढे सरोवराच्या काठी येशूने त्याच्याच हाती आपली मेंढरं सोपवली. तुझ्या पत्रातलं ‘सध्या कुणात मिसळत नाही’ मला सगळ्यात जास्त खटकलं ते यामुळे.

हेच आपल्या मुलखात बघायचं तर एखाद्या सुट्टीला पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बस आणि केडगावला उतर. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. इतक्या विदुषी बाईला मनाची शांती मिळायला आणखी कित्येक वर्षं गेली; आपल्या लायकीने काही मिळत नसतं, हे उमगल्यावर ती मिळाली. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी त्यांनी केडगावला कृपासदन काढलं. मिशनात बायका विणकाम, शेती, छपाई शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथल्याच छापखान्यात तयार झालं. रमाबाई १९२२ साली वारल्या. पुस्तक १९२४ साली पुरं झालं. तेव्हाची छपाई म्हणजे शिशाचा एकेक खिळा उचलायचा, ओळ जुळवायची, चुकलेला खिळा काढून दुसरा बसवायचा. कुठे थारा नसलेल्या बायकापोरींच्या हातांवर असं काम त्या काळी कुणी सोपवलं असतं?

आता तुझ्या कामाचं. क्षमा मिळाली म्हणून रान तसंच उभं ठेवायचं नसतं. वेचणी संपल्यावरही चार बोंडांच्या लोभाने कपाशी उभी ठेवून फरदड राखली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, हे तू आजोबांच्या वावरात पाहिलंस. ‘गेलेले पैसे निघेपर्यंत खेळतो’ ही तुझी फरदड आहे. ते अ‍ॅप काढ, खातं बंद कर, त्या मित्रांचा ग्रुप आजच सोड. आणि मनातलं बोलायला एक माणूस धर. पुण्यातल्या बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३पर्यंत आपल्या यवतमाळला होती. तिथे जाऊन विचार, चांगला पाळक नक्की गाठून देतील.

ताईला अर्धीच रक्कम माहीत आहे. पूर्ण आकडा तू सांगायचा, फोनवर नाही, नाताळला घरी येशील तेव्हा समोर बसून. मी शेजारी असेन, पण बोलायचं तुलाच. ती रागावेल, रडेल. ऐकून घे, सफाई देत बसू नकोस. महिन्याला किती झेपेल ते कागदावर मांडून आण. चौपट नको, जेवढं घेतलं तेवढंच, पण ठरल्या तारखेला. हप्ता तिच्याच खात्यात टाक, माझ्याकडे पाठवू नकोस.

आणि हे सगळं व्हायच्या आधी, येत्या रविवारी उपासनेला जा. प्रभुभोजन असेल तर मागच्या बाकावर बसून राहू नकोस, उठून पुढे जा.

नाताळच्या आठवड्यात पुण्याहून इकडे येणाऱ्या ट्रॅव्हल्स लवकर भरतात, तेव्हा जागा आत्ताच धरून ठेव. गाडी कितीही पहाटे पोचो, मी स्टँडवर येतो.

तुझा
मामा