ताप नाही, रडणे नाही, तरी मूल गंभीर!

‘अंगात ताप नाही, उलटी नाही, पोर मुकाट्याने पडून आहे. मग डॉक्टर लगेच भरती करा असे का म्हणतात?’ ग्रामीण रुग्णालयाच्या दारात हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. आजारी मूल म्हणजे अंग तापलेले, रडून घर डोक्यावर घेणारे मूल, अशी आपली समजूत असते आणि धडधाकट मुलाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा खरीही ठरते. तीव्र कुपोषित बालकाला मात्र हा नियम लावता येत नाही. अशा बालकाचे दुखणे किती गंभीर आहे हे रुग्णालयात कशावरून ठरवतात, ते आज पाहू.

तीव्र कुपोषित कोणाला म्हणायचे? सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, उंचीच्या मानाने वजन फारच कमी असले किंवा दोन्ही पायांवर कुपोषणामुळे सूज असली, तर ते मूल या गटात मोडते. पूर्वी अंगणवाडीत वयानुसार वजन पाहून पहिली ते चौथी अशा श्रेण्या लावत. जुन्या वाचकांना ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची बालके’ हे शब्द आठवत असतील. १९९०च्या दशकात मेळघाट आणि जव्हार-मोखाड्यातील बालमृत्यूंच्या बातम्यांतून ते घरोघरी पोहोचले. आता पद्धत बदलली असली तरी प्रश्न मिटलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ११ टक्के मुले उंचीच्या मानाने अतिशय कमी वजनाची आढळली.

आता मूळ मुद्दा. कणगीतले धान्य तळाला गेले की घरात एकदाच चूल पेटते. उपाशी शरीरही अशीच काटकसर करते. हृदय, मूत्रपिंडे, यकृत, आतडी सारे आपले काम कमी करतात. जंतूंशी लढणारी यंत्रणाही मंदावते. ताप येणे म्हणजे शरीराने लढाईसाठी इंधन जाळणे; ज्याच्याकडे इंधनच नाही त्याला ताप कुठून येणार? त्यामुळे न्यूमोनिया झालेला असतो, रक्तात जंतू शिरलेले असतात आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून रुग्णालयात भरती झालेल्या प्रत्येक तीव्र कुपोषित बालकाला जंतुसंसर्ग आहे असे धरूनच प्रतिजैविके सुरू करतात. ‘ताप नसताना अँटिबायोटिक कशाला?’ या शंकेचे उत्तर हे आहे.

अशा बालकाच्या अंगाला हात लावून ताप पाहण्यापेक्षा अंग गार तर नाही ना हे पाहणे अधिक महत्त्वाचे. काखेतील तापमान ३५ अंश सेल्सियस, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले तर तो मोठा धोका समजतात. घरातला जुना थर्मामीटर साधारण तिथूनच सुरू होतो, त्यामुळे पारा न चढल्याचे समाधान मानू नये. गारठलेल्या अंगाच्या जोडीला बहुधा दुसरा शत्रू असतो, तो म्हणजे रक्तातील साखर उतरणे. ५४ मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली की मूल मलूल होते, कधी झटके येतात, कधी काहीच लक्षण न दाखवता बेशुद्ध होते. म्हणून भरती करताच बोट टोचून साखर तपासतात. तपासणीची सोय नसेल तर साखर कमी आहे असे धरूनच मुलाला साखरपाणी देतात. पुढे दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे खास दूध पाजतात. झोपलेल्या लेकराला रात्री दोन वाजता उठवणाऱ्या सिस्टरवर काही नातेवाईक रागावतात. पण मध्यरात्र ते पहाट हीच जोखमीची वेळ असते. त्या वेळी बालकाला आईच्या उघड्या छातीशी धरून, डोक्याला टोपरे घालून वरून पांघरूण घेतल्यास त्याचे अंग चांगले गरम राहते.

अतिसाराच्या वेळी पंचाईत आणखी वाढते. पाणी कमी झाले हे आपण एरवी खोल गेलेले डोळे, पोटाच्या कातडीची चिमूट सावकाश बसणे, रडताना अश्रू न येणे यावरून ओळखतो. सुकलेल्या मुलात ही लक्षणे जुलाब नसतानाही असतात, कारण कातडीखालची चरबीच उरलेली नसते. उलट सुजलेल्या मुलाच्या अंगात पाणी दिसते, पण रक्तात ते पुरेसे नसू शकते. अशा वेळी आईला विचारावे लागते: जुलाब किती झाले? लघवी शेवटची कधी झाली? बाळ पाणी मागते का? डोळे नेहमीच असे आहेत की कालपासून खोल गेले? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही यंत्राला देता येत नाही.

इथेच नातेवाईकांचा ‘एक सलाईन तरी लावा’ हा आग्रह सुरू होतो. आपल्याकडे सलाईन लावले म्हणजे उपचार झाला अशी श्रद्धाच आहे. परंतु या बालकाचे अशक्त हृदय एकदम आलेले पाणी पेलू शकत नाही, फुफ्फुसात पाणी भरते आणि मूल दगावू शकते. म्हणून हात गार, नाडी बारीक व वेगवान आणि मूल गुंगीत अशी अवस्था असेल तरच सलाईन, तेही मोजून, समोर उभे राहून देतात. एरवी तोंडानेच, ठरवून दिलेले द्रावण चमच्याचमच्याने पाजतात. त्या काळात नाडी व श्वास पुन्हा पुन्हा मोजतात. दोन्ही एकदम वाढू लागले तर पाणी जास्त झाले असे समजून द्रावण थांबवतात. सलाईन न लावणाऱ्या डॉक्टरला निष्काळजी म्हणण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

सुजेबद्दलही मोठा गैरसमज आहे. गाल व पाय भरलेले पाहून ‘बाळसे आले’ म्हणणारी माणसे भेटतात. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहावे. खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे. पायापुरती सूज सौम्य. हात आणि चेहऱ्यापर्यंत पोहोचली तर बालक अतिगंभीर. उपचाराला यश येऊ लागले की ही सूज उतरते आणि वजन घटते. आई घाबरते, ‘आणले तेव्हा सात किलो होते, आता साडेसहाच कसे?’ पण त्याच वेळी मूल मान वर करून इकडेतिकडे पाहू लागलेले असते. हे घटलेले वजन शुभ आहे!

तळवे पांढरेफटक आहेत का, डोळ्याच्या बुबुळावर धूसर डाग आहे का, कातडी सोलली आहे का, हेही पाहतात. श्वास मोजताना वर्षाखालील बाळाचा मिनिटाला ५० आणि त्यापुढील बालकाचा ४० किंवा अधिक भरला तर न्यूमोनिया धरतात. छातीचे स्नायूच झिजल्याने बरगड्या आत ओढलेल्या दिसतीलच असे नाही.

मात्र सर्वांत सोपी आणि फार बोलकी कसोटी म्हणजे भूक. समोर धरलेले खाणे मूल हावरेपणाने घेते की तोंड फिरवते? तोंड फिरवणारे मूल आतून आजारी आहे असे मानावे. भूक चांगली असून दुसरी गुंतागुंत नसेल तर गावातच, अंगणवाडीच्या देखरेखीखाली उपचार होऊ शकतात. भूक मेली असेल तर रुग्णालयच हवे.

१९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक लेख आला. तीव्र कुपोषणाने भरती झालेल्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण १९५० च्या दशकापासून शेकडा २० ते ३० च्या आसपासच राहिले आहे आणि चुकीची उपचारपद्धती हे त्याचे मोठे कारण आहे, असे त्यात दाखवले होते. सलाईनचा मारा, पहिल्याच दिवशी भरपूर आहार, लोहाचे टॉनिक आणि रात्रीची उपासमार, हे सारे चांगल्या हेतूने होत होते. १९९९ साली संघटनेने डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली. ही पद्धत काटेकोर पाळणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू शेकडा पाचाच्या खालीही आणता आले आहेत. लोहाचे औषध भूक परतून वजन वाढू लागल्यावरच देतात, म्हणून घरून आणलेली टॉनिकची बाटली सिस्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये.

घरच्यांनी काय करावे? दंड बारीक किंवा पाय सुजलेले मूल दूध ओढेनासे झाले, गार पडले, जागे होईना, जुलाब थांबेनात किंवा श्वास भराभर चालू लागला तर तापाची वाट पाहू नये. मूल शुद्धीत असून गिळू शकत असेल तर निघण्यापूर्वी साडेतीन मोठे चमचे पाण्यात शीग भरून एक छोटा चमचा साखर विरघळवून हळूहळू पाजावी, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि मुलाला छातीशी धरूनच न्यावे. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे राहावे लागते. तेवढ्या मुदतीची आईची बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे, तिची चौकशी भरती होतानाच करावी. मूल तिसऱ्या-चौथ्या दिवशी हसू लागले, चिडून रडू लागले, की बरेच लोक सामान आवरायला घेतात. ते रडणे चांगलेच लक्षण आहे, पण खरा भरपेट आहार तेव्हा कुठे सुरू व्हायचा असतो.