गावापर्यंत इंटरनेट, माणसापर्यंत माहिती

विकसनशील देशांत इंटरनेटचा विचार बहुधा तारा, यंत्रे आणि खर्च यांच्यापाशीच थांबतो. संगणक बसला, जोडणी मिळाली, की काम झाले असे धरले जाते. गावाला उपयोग होतो की नाही, हे मात्र निराळ्या गोष्टींवर ठरते. माहिती कोणत्या भाषेत आली, कोणी सांगितली, आणि ज्याला हवी होती त्याला वेळेवर मिळाली का? या दृष्टीने आपल्या देशातले तीन प्रयोग अभ्यासण्यासारखे आहेत. तिन्ही 1998 ते 2000 या काळात, म्हणजे खेड्यापाड्यांत घरोघरी मोबाइल येण्यापूर्वी, सुरू झाले.

धार : उत्तर देणारा हवा

इंदूरजवळच्या धार या आदिवासीबहुल जिल्ह्यात जानेवारी 2000 मध्ये ‘ज्ञानदूत’ योजना सुरू झाली. गावोगावच्या ‘सूचनालयां’त ‘सूचक’ म्हणून स्थानिक शिकलेले तरुण बसत. बाजारभाव, जमिनीच्या नोंदींच्या नकला, दाखल्यांचे अर्ज आणि तक्रारी अशी कामे तेथे होत. त्याच वर्षी योजनेला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला.

वीज आणि टेलिफोनच्या तारा यांनी पुष्कळ अडथळे आणले. पण त्याहून महत्त्वाचा एक भेद येथे दिसतो. भाव कळला की माल कुठे न्यायचा, हे शेतकऱ्याला स्वतःच ठरवता येते. दाखल्याचा अर्ज मात्र संगणकावरून गेला तरी त्यावर सही कार्यालयातच व्हायची असते. तिकडून उत्तर आले नाही, तर सूचनालयाचा इलाज चालत नाही.

पुदुच्चेरी : कर्ण्यावरून सांगितलेला समुद्र

एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने 1998 मध्ये पुदुच्चेरीजवळ ग्रामज्ञान केंद्रे सुरू केली. गावांची गरज आधी विचारून घेतली गेली. जागा आणि स्वयंसेवक गावाने द्यायचे, आणि केंद्र सर्व जातींच्या लोकांना खुले राहील, अशी अट होती. स्वयंसेवकांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. विलियनूरच्या मुख्य केंद्रात माहिती गोळा होई, तिचे तमिळ रूप तयार होई, आणि मग ती गावांकडे जाई.

वीरमपट्टिणम हे मच्छीमारांचे गाव. अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून लाटांच्या उंचीचा अंदाज रोज उतरवून घेतला जाई आणि गावातल्या कर्ण्यावरून तमिळमध्ये सांगितला जाई. ऐकणाऱ्याला संगणक येण्याची गरज नव्हती, अक्षरओळखीचीही नव्हती. होडी घालायची की नाही, एवढे त्याला कळत होते.

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत शेजारच्या नल्लवाडू गावात याचे मोल कळले. सिंगापुरात नोकरीला असलेल्या गावच्या तरुणाने दूरचित्रवाणीवर बातमी पाहून घरी फोन केला. लोकांनी ज्ञानकेंद्राचे दार फोडले आणि कर्ण्यावरून गाव रिकामे करायला सांगितले. घरे, होड्या गेल्या, पण माणसे वाचली. त्या सकाळी कामाला आला तो टेलिफोन आणि कर्णा. पण सर्वांना एकाच वेळी सांगण्याची सोय गावात आधीपासून होती, म्हणूनच तो निरोप सर्वांपर्यंत पोचला.

वारणा : लोकांनी निवडलेला उपयोग

कोल्हापूर-सांगली भागातील वारणा परिसरात 1998 मध्ये सुमारे 70 गावांसाठी संगणक जोडणीचा प्रकल्प आखला गेला. शेतीसल्ला, शिक्षण, रोजगार असे हेतू मोठे होते. काही वर्षांनी बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा संगणकांचा वापर मुख्यतः साखर कारखाना आणि ऊस उत्पादक यांच्यातील हिशेबापुरता उरला होता. ऊस किती भरला, खत किती उचलले, एवढेच शेतकरी विचारत. मग सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवर हीच माहिती देऊन पाहिली. कमी खर्चात काम भागले.

याला प्रकल्पाचे अपयश म्हणण्याची घाई करू नये. आपला ऊस किती भरला, हे कारखान्याला खेप न घालता कळणे ही शेतकऱ्याची खरी गरज होती. साधन बदलले तरी ती गरज टिकली.

भाषेचे काम

आज खिशात फोन आहे, पण अडचण पुरती सरलेली नाही. पुष्कळ सूचना अजून कार्यालयाच्या भाषेत येतात. ‘वाऱ्याचा वेग ताशी 55 कि.मी. राहण्याची शक्यता’ हे वाक्य मराठीच आहे. तरी ‘उद्या दुपारनंतर होडी घालू नका’ हे त्यातून ऐकणाऱ्याला मिळत नाही. पहिल्या वाक्यापासून दुसऱ्यापर्यंत नेण्याचे काम यंत्रज्ञाचे नसून भाषा जाणणाऱ्याचे आहे. सीमाभागात किंवा महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या वस्त्यांत, जेथे कार्यालयाची भाषा एक आणि घरची दुसरी, तेथे शिक्षक व लेखक यांच्यावर ते अधिकच येते. ते कोणी केले नाही, तर सूचना फोनवर येऊनही घरातल्या वडीलधाऱ्यांना कळत नाही.

अभ्यासासाठी

1. आपल्या भागातील एक सरकारी सूचना घ्या. ती कोणासाठी आहे आणि वाचून त्याने नेमके काय करायचे, हे एका वाक्यात लिहा.
2. तीच सूचना कर्ण्यावरून सांगायची आहे असे समजून बोलीत लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा आणि त्यांना काय कळले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. जे सुटले, तेवढे पुन्हा लिहा.
3. धार, पुदुच्चेरी आणि वारणा येथे माहिती मिळाल्यावर पुढची कृती कोणाच्या हाती होती, याची तुलना करा.