पाळी, बाळंतपण, गोळी आणि मनाची तगमग



कुटुंब नियोजनाची साधने समजावून सांगायला आम्ही वाडी-वस्तीवर जातो, तेव्हा सभेत कुणी फारसे विचारीत नाही. सभा उठली की एखादी बाई मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, "ताई, हल्ली जीव उगीच कावतो. पोरांवर हात उगारते, मग रडू येतं. गोळ्यांनी तर नसंल ना?" घरात हे बोलायची सोय नसते. सासू म्हणते सोंग आहे, शेजारीण म्हणते बाहेरचं आहे. म्हणून या पत्रकात तेवढाच एक विषय घेतला आहे. तो घरधन्यानेही वाचावा.

आपल्या शरीरातल्या काही ग्रंथी रक्तात रस सोडतात. त्यांना संप्रेरके म्हणतात. दवाखान्यात हार्मोन म्हणतात. रस अगदी थोडा, पण पाळी, झोप, भूक आणि मन यांवर त्याचा अंमल चालतो. बाईच्या बीजकोशातून येणारे दोन मुख्य रस महिन्याच्या महिन्याला चढतात-उतरतात. पाळीच्या आधीच्या दिवसांत ते उतरतात, तेव्हा काही जणींना चिडचिड होते, झोप उडते, डोळे भरून येतात. रसाचे प्रमाण अशा बाईतही बहुधा इतरांसारखेच असते. तिच्या मनाला तो उतार जास्त लागतो, एवढेच. त्यामुळे नुसत्या चिडचिडीसाठी शहरात जाऊन हार्मोनच्या महागड्या तपासण्या करण्यात बहुतेक वेळा अर्थ नसतो.

त्यापेक्षा भिंतीवरची दिनदर्शिका कामाला लावा. पाळी आली त्या तारखेला गोल करा. मन बिघडले त्या तारखेला फुली मारा. लिहिता येत नसले तरी हे जमते. असे दोन महिने करा. फुल्या पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत दाटल्या आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत थांबल्या, तर त्रास पाळीशी जोडलेला आहे आणि त्यावर औषध आहे. फुल्या महिनाभर विखुरल्या असतील तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल. अंगात रक्त कमी असले तरी बाई थकते, कावते. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर उपचार हवेत. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद झाली तर अंग जड होते, थंडी सोसत नाही, मन उदास राहते. जोरात चालली तर छाती धडधडते, हात कापतात. ही मात्र रक्त तपासून नक्की कळते. आणि कधी कारण घरातला जाच असतो, नवऱ्याची दारू असते. त्याला हार्मोनचे नाव देऊन चालणार नाही.

आता गोळीचे. माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यांतल्या 21 गोळ्यांत संप्रेरक असते, बाकीच्या 7 लोहाच्या. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत मळमळ, डोकेदुखी, काहींना चिडचिड होते आणि बहुधा आपोआप कमी होते. पुष्कळ जणींना मनाचा काहीच त्रास होत नाही. काहींची पाळीआधीची चिडचिड उलट कमी होते. तीन महिन्यांनंतरही मन उदास राहिले, किंवा त्याआधीच त्रास सोसेनासा झाला, तर नर्सबाईंना सांगून साधन बदला. पण कुणाला न सांगता पाकीट अर्ध्यावर टाकू नका. गोळी थांबली की दिवस राहू शकतात. दुसरे साधन मिळेपर्यंत निरोध वापरा. ते काम घरधन्याचे आहे.

अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे. एकदा टोचले की ते परत काढता येत नाही, म्हणून पूर्वी उदासीचा आजार झालेला असेल तर आधीच सांगावे. संप्रेरक नकोच असेल तर तांबी आहे, छाया गोळी आहे. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची. बाईच्या शस्त्रक्रियेत बीजकोश काढीत नाहीत, पुरुषाच्या नसबंदीत अंडकोश काढीत नाहीत. दोघांचेही रस पूर्वीसारखे चालू राहतात. नसबंदीने मर्दानगी जाते, ही अफवा आहे.

बाळंतपणानंतर हे रस एकदम खाली येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला कारण नसता रडू येते ते बरेचदा यामुळे. दोन आठवड्यांत ते ओसरते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, बाळाकडे बघावेसे वाटेना, बाळ झोपले तरी हिला झोप येईना, तर तो आजार आहे आणि उपचाराने बरा होतो. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. जीव द्यावा असे ती बोलली, बाळाला इजा करीन म्हणाली किंवा भलतेच बरळू लागली, तर तिला क्षणभरही एकटी ठेवू नका; त्याच दिवशी दवाखान्यात न्या. 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट सल्ला मिळतो, मराठीतही बोलता येते.

अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने माला-एन घेऊ नये, दूध कमी होण्याचा संभव असतो. तिला तांबी किंवा छाया चालते. अंतरा सहा आठवड्यांनंतर.

उपकेंद्रात शक्यतो दोघांनी मिळून जावे. जाताना ती दिनदर्शिका आणि चालू गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे.