हप्ता बारा महिने, तेंदू पंधरा दिवस

ताईंनो, तेंदूपत्त्याचे पैसे हाती आले की हप्त्यावर फ्रीज, मोबाईल, गाडी घ्यावीशी वाटते. "महिन्याला फक्त हजार," असं दुकानदार सांगतो. पण आपल्याकडे मोहफूल मार्च-एप्रिलात, तेंदू मे महिन्यात, धानाचे पैसे दिवाळीनंतर. पावसाळ्यात रोवण्याची मजुरी संपली की हात रिकामा. हप्ता मात्र चुकत नाही. मग तो भरायला दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरं.

हिशोब करून पाहू. वर्षाची कमाई ९६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ८,०००. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, म्हणजे इथे ४,०००. ही शेवटची हद्द झाली. उरलेल्या ४,००० मध्ये किराणा, बियाणं, दवाखाना भागतो का, ते आधी बघा.

हेही लक्षात ठेवा: या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कोणी दारात येऊ शकत नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

वस्तू घेण्याआधी हप्त्याचे हजार रुपये सहा महिने बचतीत टाकून बघा. जमलं, तर ६,००० हाती. नाही जमलं, तर हप्ताही झेपला नसता. पण डोक्यावर कर्ज तर नाही!

पुढच्या बैठकीत बोलू या:
१. घरावर कोणाकोणाचं किती देणं आहे?
२. श्रावणातला हप्ता कशातून भरणार?
३. ही वस्तू वर्षभर नसली, तर काय अडेल?