दोन टपाले, एक नियम

आपले जाफराबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होते. शेजारचे देऊळगाव राजा मात्र वऱ्हाडात. तिथे १९४७ पर्यंत इंग्रजांचा कारभार. निजामाचे टपाल वेगळे, इंग्रजांचे वेगळे. निजामाचे तिकीट राज्याबाहेर चालत नसे. लेक वऱ्हाडात दिली, तर तिला पत्र धाडायला इंग्रजी टपालाचे तिकीट लागे. १ एप्रिल १९५० रोजी निजामाचे टपाल भारतीय टपालात मिळाले. मग एकच तिकीट सगळीकडे चालू लागले.

ईमेलचेही आधी असेच होते. ईमेल म्हणजे मोबाईलवरून किंवा संगणकावरून जाणारे पत्र. ते पोचवणाऱ्या कंपन्या पुष्कळ. १९८० नंतरची काही वर्षे अमेरिकेत एका कंपनीच्या गिऱ्हाइकाचे पत्र दुसरीच्या गिऱ्हाइकाला जात नसे. पुढे सर्वांनी एक नियम मानला. म्हणून आज तुमची पेटी जीमेलची आणि मुलाची याहूची असली, तरी पत्र पोचते.

अक्षरांचीही तीच गोष्ट. पूर्वी मराठी फॉन्ट, म्हणजे अक्षरांचे साचे, निरनिराळे होते. एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले, की भलतीच अक्षरे दिसत. आता युनिकोड नावाच्या नियमाने प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक दिला आहे. 'क' सगळीकडे 'क'च दिसतो.

तेव्हा कोणी म्हणाले, "तुमची कंपनी निराळी, पत्र जायचे नाही," तर बिचकू नका. आम्ही एवढेच सांगतो: पत्ता बिनचूक लिहा. एक अक्षर चुकले, तर पत्र परत येईल, नाहीतर परक्याच्या हाती पडेल.