कोठार, पाट आणि नियम : मानवी संस्कृतीचा पाठ शिकविताना

पाचवीच्या परिसर अभ्यासात मानवाच्या वाटचालीचा भाग येतो. तो बहुधा जिन्याच्या पायऱ्यांसारखा शिकविला जातो. खालच्या पायरीवर गुहेत राहणारा, शिकार करणारा मनुष्य. मग अग्नी, मग शेती, मग गाव, मग नगर आणि सर्वांत वर कायदे व यंत्रे असलेला आजचा समाज. फळ्यावर अशी चित्रमालिका काढली की पाठ सोपा होतो व मुले उत्तरेही भराभर देतात. परंतु ही मांडणी दोन प्रकारे उणी आहे. एक तर नाईल व युफ्रेटिस या नद्यांची नावे पाठ करून मुलाची अशी समजूत होते की, हे सारे दूरच्या देशी घडले. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे.

भिवंडी तालुक्याच्या कित्येक शाळांतून वारली, मल्हार कोळी व कातकरी मुले बसतात. 'आदिमानव' हा शब्द फळ्यावर लिहिला जातो तेव्हा त्यांतील एखाद्याकडे इतर मुलांच्या नजरा वळतात. क्वचित कोणी हसतेही. कातकरी समाजाच्या संबंधात शासकीय योजनांच्या कागदांतही 'आदिम' हाच शब्द येतो, आणि तो त्या मुलाने घरी ऐकलेला असतो. जिन्याच्या चित्रात आपली जागा खालच्या पायरीवर आहे असा अर्थ त्याने काढला, तर त्याला दोष देता येणार नाही. तो अर्थ शिकविणाऱ्याच्या मांडणीतूनच निघाला. आणि तो केवळ मन दुखविणारा नव्हे, तर ज्ञानाच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. हे दाखविणारा उत्तम पुरावा महाराष्ट्राच्याच भूमीत आहे.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे खेडे आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी या संशोधकांची नावे या कार्याशी जोडलेली आहेत. सुमारे इ. स. पूर्व 1600 ते 700 अशी नऊ शतके तेथे वस्ती होती. शंभरांहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. चुली, कणग्या, धान्याची पेवे, कुंभाराची भट्टी, मण्यांच्या माळा, एवढेच नव्हे तर पुरलेली माणसेही सापडली. लहान मुले दगावली की दोन मडक्यांची तोंडे एकमेकांस लावून त्यांत त्यांना ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. हा तपशील वर्गात सांगावा की नाही हे मुलांचे वय पाहून ठरवावे. पण शिक्षकाने तो मनात ठेवावा. ज्यांना आपण 'प्राचीन' म्हणून एका शब्दात उरकतो, त्या आईबापांना आपले मूल घराबाहेर ठेववले नाही, असे त्यातून वाटल्यावाचून राहत नाही.

इ. स. पूर्व 1400 ते 1000 या काळात हे गाव भरभराटीस आले. चौकोनी, कुडाच्या भिंतींची घरे ओळीने उभी होती व ओळींमधून वाट सोडलेली होती. लोक मुख्यतः सातू पिकवीत; त्याखेरीज गहू व मसूर, वाटाणा यांसारखी कडधान्येही घेत. कुंभार, सोनार, चुना भाजणारे असे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला राहत. मध्यभागी मात्र पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्यास लागून धान्याचे कोठार होते. हे घर गावाच्या प्रमुखाचे असावे व कोठारात गावकऱ्यांकडून वसूल केलेले धान्य साठत असावे, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे.

याहून महत्त्वाची वस्तू म्हणजे पाट. नदीच्या पुराचे पाणी वळवून शेतीस देण्यासाठी या लोकांनी सुमारे चार मीटर रुंद व साडेतीन मीटर खोल असा कालवा खोदला आणि त्याच्या कडेने दगडामातीचा बांध घातला. लोखंड त्यांना ठाऊक नव्हते. तांबे होते, पण ते दुर्मिळ. नित्याची हत्यारे गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या छिलक्यांची. अशा साधनांनी एवढा पाट एका घराच्याने खोदवत नाही. तेव्हा येथे थांबून मुलांस विचारावे : पाट खोदायला कोणी किती दिवस यावयाचे हे कोणी ठरविले असेल? जो आला नाही त्याचे काय केले असेल? पाणी आधी कोणाच्या शेतात जाईल? कोठारातील धान्य कोणत्या दिवशी उघडावयाचे? या प्रश्नांची उत्तरे इनामगावच्या मातीत लिहिलेली नाहीत, कारण त्या लोकांस लिपी नव्हती. परंतु प्रश्न उत्पन्न झाले होते आणि ते सुटले होते, याची साक्ष तो पाट देतो. नियमाचा जन्म राजाच्या दरबारात होतो असे मुलांस वाटते. प्रत्यक्षात तो सामाईक पाणी व सामाईक साठा यांच्यापाशी होतो.

ठाणे जिल्ह्याच्या खाडीकाठच्या मुलांना हे समजावयास वेळ लागत नाही. खारबंदिस्तीला खांड पडली आणि खारे पाणी भातखाचरात शिरले, तर नुकसान एकट्याचे होत नाही. म्हणून बांध राखण्याचे काम पूर्वापार मिळून होत आले. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत पाटकरी पाण्याच्या पाळ्या लावतो व शेतकरी त्या मानतात. हे नियम प्रथम कागदावर आले नाहीत, तरी ते नियमच होत. घरातील वृद्धांस असे कोणते नियम आठवतात, हे विचारून येण्यास मुलांस सांगितले तर पाठ्यपुस्तकापेक्षा चांगली सामग्री हाती लागेल.

आता जिन्याच्या चित्राकडे वळावे. सुमारे इ. स. पूर्व 1000 नंतर इनामगावचे दिवस पालटले. पाऊसमान घटले, शेती पिकेनाशी झाली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान लहान गोल झोपड्या आल्या. मडकी ओबडधोबड झाली. लोक शिकारीकडे व गुरे-मेंढरांकडे अधिक वळले आणि अखेर इ. स. पूर्व 700 च्या सुमारास गाव ओस पडले. म्हणजे ज्यांस पाट खोदता येत होता त्यांचेच वंशज पुढे झोपडीत राहिले व रानावर जगले. त्यांची बुद्धी कमी झाली होती काय? आकाश फिरले, म्हणून त्यांनी जगण्याची रीत फिरविली, आणि तीनशे वर्षे तग धरला. झोपडी पाहून माणसाची योग्यता ठरवू नये, याचा इतका स्वच्छ ऐतिहासिक पुरावा क्वचितच मिळतो. जिन्याऐवजी फळ्यावर नदी काढावी. ती रुंदावते, आटते, पात्र बदलते.

तंत्रविद्येच्या भागातही जवळची उदाहरणे घ्यावीत. प्रवरेकाठच्या नेवासे येथे 1954 ते 1956 या वर्षांत झालेल्या उत्खननात एका बालकाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत दोऱ्याचा तुकडा टिकून राहिला होता व तपासणीत तो कापूस आणि रेशीम यांचा निघाला. तीन हजार वर्षांपूर्वीचे हे सूत आहे. भिवंडीच्या मुलाच्या कानांत दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट असतो. त्या मागाचा पूर्वज चाती आणि हातमाग होय, हे त्यास सांगण्यासाठी याहून योग्य धागा नाही. त्याच प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे खोड खणताना तांब्याच्या चार भरीव प्रतिमा सापडल्या. रथ हाकणारा मनुष्य, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा त्या असून त्यांचे एकूण वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ओतकामाच्या कौशल्याविषयी मात्र नाहीत. लोखंडाचा प्रसार पुढे झाला. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची इ. स. पूर्व 700 च्या सुमाराची भट्टी मिळाली आहे.

गाव नियम जिभेवर ठेवू शकते, कारण सर्व जण एकमेकांस ओळखतात. राज्य विस्तारले, व्यापार वाढला, अनोळखी माणसांशी देवघेव सुरू झाली, की नियम कोठेतरी उमटवून ठेवावा लागतो. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने इ. स. पूर्व अठराव्या शतकात सुमारे 282 कलमे उभ्या शिळेवर कोरविली. ती शिळा पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. एवढा उल्लेख पुरे. कारण भिवंडीहून फार दूर नसलेल्या सोपाऱ्यास सम्राट अशोकाचे शब्द दगडावर सापडले आहेत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे आठव्या लेखाचा तुकडा मिळाला व 1956 मध्ये जवळच्या भुईगावी नवव्या लेखाचा. हे सोपारे आज पालघर जिल्ह्यात येते. आठव्या लेखात राजाने मृगयेच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचे सांगितले आहे, तर नवव्यात नाना मंगलविधींपेक्षा दास व सेवक यांच्याशी नीट वागणे हे खरे मंगल, असा आशय आहे. यात दंडाची भाषा नाही. हम्मुराबी अपराधाचा दंड सांगतो, तर अशोक वागणुकीची रीत सांगतो. दोन्हींची गरज समाजास का पडते, यावर वरच्या वर्गात चर्चा घडवून आणावी.

नियम आणि कारागिरी यांचा मिलाफ पाहावयाचा असेल तर नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याचा लेख पाहावा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथील भिक्षूंसाठी 3000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे 2000, दरमहा दर शेकडा एक व्याजाने; दुसरीकडे 1000, दर शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रासाठी वर्षाला बारा कार्षापण मिळावयाचे होते. हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा : 2000 वर महिन्यास 20, वर्षास 240, आणि वीस बारे 240. तंतोतंत जमतो! हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविल्याचेही लेखात आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी विणकरांच्या संघावर राजाच्या जावयाने कायमची रक्कम सोपवावी, एवढी त्या संघाची पत होती. विणकाम करणाऱ्यांच्या मुलांना हे अवश्य सांगावे; ते त्यांस सहसा कोणी सांगत नाही.

मुरबाडच्या नाणेघाटात सातवाहनांचा लेख असून त्यातील दानांच्या आकड्यांवरून जुन्या अंकचिन्हांचा अभ्यास झाला आहे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा, असे लोक सांगतात. सहल काढणे शक्य असल्यास पावसाळा टाळावा. ते न साधल्यास तालुक्यातील लोनाड आहे. तेथे लेणी व जुने शिवमंदिर पाहावयास मिळतात, आणि त्या परिसरात शिलाहार राजांचे शिलालेख सापडलेले आहेत. शिलाहारकालीन दानाच्या शिळांवर पुष्कळदा गाढवाचे अश्लील चित्र कोरलेले असते. दान मोडणाऱ्यास दिलेली ती शिवी आहे. अशा शिळेस गधेगळ म्हणतात. अक्षर न येणाऱ्यासही नियम कळावा व त्याचे भय वाटावे, यासाठी ही योजना होती. चित्र मुलांस दाखविण्याजोगे नसले, तरी त्यामागील अडचण सांगण्याजोगी आहे : नियम लिहिला, पण वाचणार कोण? त्या शिळांच्या काळी या प्रश्नाला गाढवाने उत्तर दिले. आज ते काम शाळेकडे आहे.

शेवटी विटेविषयी. हडप्पा संस्कृतीच्या भाजक्या विटांची जाडी, रुंदी व लांबी एकास दोनास चार या प्रमाणात असे. गावोगावी एकच प्रमाण पाळले जाणे हीसुद्धा एक प्रकारची कायद्याची अंमलबजावणीच म्हणावयाची. हे शिकविताना वर्गात एक वीट आणून मुलांकडून मोजवावी व तिचे प्रमाण काढून घ्यावे. माती कोणती घ्यावी, तीत भाताचा तूस किती मिसळावा, भट्टी कशी रचावी व किती दिवस धुमसू द्यावी, हे शिक्षकापेक्षा वर्गातील एखाद्या कातकरी मुलास पुष्कळ अधिक माहीत असते. त्यास पुढे बोलावून ते सांगू द्यावे व त्याचे शब्द फळ्यावर जसेच्या तसे लिहावेत. मात्र हा पाठ दिवाळीच्या सुटीआधीच घ्यावा. सुटीनंतर वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो, आणि हे ज्याच्याकडून ऐकावयाचे, तो मुलगा त्या वेळी वर्गात नसतो.